घरचा डबा बंद करू नका : शाळेच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, मुख्याध्यापिका आणि शाळा व्यवस्थापनाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

येत्या सत्रापासून मुलांनी घरून डबा आणायचा नाही, सर्वांनी शाळेत मिळणारं जेवणच घ्यायचं, अशी सूचना आपण शाळेच्या अ‍ॅपवर पाठवलीत. त्यासाठी दर मुलामागे महिन्याला २,४०० रुपये लागणार आणि पूर्ण सत्राचे पैसे एकदम भरायचे. माझी दोन मुलं आपल्या शाळेत शिकतात. मुलगी आठवीत आहे, मुलगा चौथीत. हा निर्णय मला मान्य नाही. आधी वर्गशिक्षिकांना भेटलो, मग कार्यालयात अर्ज दिला. "धोरण ठरलं आहे" एवढंच उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळेची बदनामी करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे.

आधी माझा या विषयाशी संबंध काय, ते सांगतो. आमच्या घरी डबे मी करतो. बायको एका रुग्णालयात परिचारिका आहे, सकाळची ड्यूटी असली की उजाडायच्या आत घर सोडते. मी चाकणच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो, त्यामुळे सकाळचं स्वयंपाकघर माझं. दोन मुलांचे डबे, बायकोचा डबा आणि घरी असलेल्या आईचं दुपारचं जेवण. आईला मधुमेह आहे, तिचं पथ्य वेगळं. चौघांचं एकाच भाजीत आणि एकाच कणकेत बसवायचं, वर खर्चही हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही. हे काम मी रोज करतो आणि मला ते मोलाचं वाटतं.

डब्यात काय जातं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या सूचनेत घरच्या डब्याचा उल्लेख "असंतुलित आहार" असा आहे. मटकी, मूग, चवळी, हरभरे यांतलं एकतरी कडधान्य आमच्याकडे कायम भिजलेलं किंवा फडक्यात बांधलेलं असतं. डब्याची उसळ वेगळी करावी लागते. रस्सा अंगाबरोबर आटवायचा, नाहीतर दप्तरातल्या वह्या तेलकट होतात. उन्हाळ्यात ओलं खोबरं घालायचं नाही, दुपारपर्यंत विटतं; त्याऐवजी दाण्याचं कूट. काकडी मीठ लावून दिली की पाणी सुटतं, म्हणून जिरंमीठ कागदाच्या पुडीत वेगळं. पोळी तव्यावरून थेट डब्यात घातली तर वाफेने चिकट होते. जरा निवू द्यायची आणि फडक्यात गुंडाळायची. ज्वारीची भाकरी दोन्ही मुलांना आवडते, पण डब्यात चार-पाच तासांनी ती वातड होते. म्हणून डब्यासाठी धपाटे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, चिरलेली मेथी किंवा किसलेला दुधी, आणि पीठ दह्यात भिजवायचं. दुपारीही मऊ राहतात. सोबत जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू. कधी कोबीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कधी ढोबळी मिरची पीठ पेरून, कधी उकडपेंडी. महिनाअखेरीला फोडणीची पोळी आणि झुणकाही जातो, आणि त्यातही डाळीचं पीठ, कांदा, कोथिंबीर असतेच.

दोन पोळ्या, वाटीभर उसळ, काकडी किंवा गाजर आणि एक लाडू हा डबा आजच्या भावाने, गॅस धरून, २५ रुपयांच्या आत होतो. महिन्यात शाळेचे २२ दिवस धरले तर ५५० रुपये. आपण मागता २,४००. दोन मुलांचे ४,८००, म्हणजे आमच्या अख्ख्या घराच्या महिन्याच्या किराण्याच्या निम्म्याहून जास्त. फी भरणारे पालक एवढं सहज भरतील, असं आपल्याला वाटत असेल. पण आपल्या शाळेत रिक्षाचालकांची मुलं आहेत, कंत्राटी कामगारांची आहेत, एकट्या आईने वाढवलेली आहेत. फीसाठी त्यांनी कुठेकुठे हात आखडता घेतलाय, ते त्यांचं त्यांना माहीत. त्यात घरच्या जेवणावर वाचणारे पैसेही आता काढून घेतले जाणार.

पैसे हा मोठा मुद्दा आहे, पण माझ्यासाठी पहिला नाही. गेल्या वर्षी आपल्याच शाळेत आरोग्य तपासणी झाली, त्यात माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं. ही तपासणी केल्याबद्दल मी शाळेचे आभार मानतो, एरवी आम्हाला कळलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची सुरुवात या शाळकरी वयात होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. पालेभाजी आणि कडधान्य रोज हवं. त्यातलं लोह अंगी लागावं म्हणून सोबत लिंबू, आवळा, पेरू असं सी जीवनसत्त्वाचं काहीतरी. जेवणाला लागून चहा नको. तेव्हापासून तिच्या डब्यात लिंबाची फोड असते, माठ, मेथी, शेपू, चाकवत आळीपाळीने असतात आणि थंडीत हळिवाचा लाडू. पुढच्या तपासणीत आकडा सुधारला. गोळ्यांचा त्यात मोठा वाटा आहे, हे मला समजतं. पण गोळ्या संपल्यावर तिला सांभाळणार आहे ते रोजचं जेवणच. तिच्या दिवसातलं मधलं आणि मोठं जेवण शाळेत होतं आणि आता ते माझ्या हातात राहणार नाही.

त्या जागी तिला काय मिळणार? आपण पाठवलेला आठवड्याचा तक्ता माझ्यासमोर आहे. सोमवारी पास्ता, मंगळवारी पुलाव आणि रायता, बुधवारी छोले-भटुरे, गुरुवारी नूडल्स आणि मंचुरियन, शुक्रवारी पावभाजी. सोबत गोड म्हणून कस्टर्ड, जेली किंवा पाकिटातला ज्यूस. पाच दिवसांत पालेभाजी एकदाही नाही. मोड आलेलं कडधान्य एकदाही नाही. पाचपैकी चार दिवस मैदा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा आपण मुलांकडून ज्वारी, बाजरी, नाचणीची चित्रं काढून घेतलीत. माझ्या मुलीने नाचणीवर काढलेलं चित्र कार्यालयाबाहेर लागलं होतं. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे तिने त्यावर लिहिलं होतं. आज तक्त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी यांतलं काहीच नाही.

साखरेचंही तसंच. मे २०२५ मध्ये सीबीएसईने संलग्न शाळांना साखर किती खावी हे सांगणारे फलक लावायला सांगितलं. ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांत १५ टक्के साखरेतून येतात आणि ते ५ टक्क्यांपर्यंत असावेत, असं त्या परिपत्रकात म्हटलं आहे. आपण जिन्याजवळ तो फलक लावला, मुलांनी घरी येऊन आम्हाला तो समजावून सांगितला आणि आम्ही बिस्किटांचे पुडे आणणं कमी केलं. मुलं शाळेचं इतकं ऐकतात. त्याच मुलांना त्याच इमारतीत जेवणानंतर जेली आणि ज्यूस द्यायचा, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

शाळेत जेवण देण्याला माझा विरोध नाही, हे इथेच स्पष्ट करतो. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत १९९५ पासून शालेय पोषण आहार सुरू आहे आणि त्याने लाखो मुलांची भूक भागली. माझी बहीण त्या खिचडीवर शाळेत टिकली. पण ती योजना कशी चालते, तेही बघा. जेवण मोफत असतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं लिहून ठेवलेलं आहे. लहानांना १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. मोठ्यांना १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांसह मोठी माणसं चव घेऊन बघतात. आपल्या तक्त्यात पदार्थांची नावं आहेत, पण एकाही पदार्थापुढे वजन नाही. डाळ किती, भाजी किती, तेल किती, काहीच नाही. चौथीतल्या आणि दहावीतल्या मुलाला ताट सारखंच मिळणार की वेगळं, तेही नाही. आपली शाळा त्या योजनेत येत नाही, हे मला माहीत आहे. पण फुकट जेवणात जे लिहून दिलं जातं, ते २,४०० रुपयांच्या जेवणात तरी लिहून मिळायला हवं.

सूचनेत निर्णयाची चार कारणं दिली आहेत. स्वच्छता, पोषण, समानता आणि मातांचे कष्ट वाचवणे. पोषणाचं वर आलंच. स्वच्छतेबद्दल एवढंच म्हणतो की जेवण शाळेत शिजणार नाही, ते बाहेरच्या स्वयंपाकघरातून सकाळी निघून मधल्या सुट्टीत ताटात येणार. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तरच ते सुरक्षित. ते तपमान शाळेत पोचल्यावर कोण मोजणार? घरचा डबाही काही तास बंद असतो, खरं आहे. म्हणूनच घरोघरी डब्याचे पदार्थ कोरडे आणि टिकणारे निवडले जातात.

समानतेच्या मुद्द्यावर मात्र थांबून बोलावं लागेल. वेगवेगळ्या डब्यांमुळे मुलांत भेदभाव होतो, चिडवाचिडवी होते, असं आपण म्हणता. चिडवाचिडवी होते, नाकारत नाही. माझ्या मुलाच्या वर्गात एका मुलाने सुकट आणली होती. बाकीच्या मुलांनी नाकं धरली, तो मुलगा डबा बंद करून उपाशी बसला. त्यानंतर त्याच्या आईला निरोप गेला, "वासाचं काही देऊ नका." नाकं धरणाऱ्या मुलांच्या घरी निरोप गेला नाही. सुकट हे कोकणातल्या गरीब घरांचं स्वस्त आणि कसदार अन्न आहे, त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. ते खाणाऱ्या मुलाला लाज वाटावी आणि हसणाऱ्यांना काही वाटू नये, अशी शिकवण त्या दिवशी गेली. आता सगळ्यांचेच डबे बंद करून तीच शिकवण पक्की होईल. एकमेकांच्या डब्यातला घास खाऊन मुलं जितकं शिकतात, तितकं नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकत नाहीत. माझ्या मुलाने बिहारी मित्राच्या डब्यातला लिट्टी-चोखा खाल्ला आणि घरी येऊन मला सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, आणायला लावलं. ते आता आमच्या डब्यात आहे. एका मुलीकडून तो इडलीबरोबरची पूडचटणी खाऊन आला, तीही आम्ही करायला शिकलो. सगळ्यांच्या ताटात एकच पास्ता वाढला तर हे कुठून होणार?

शिवाय सगळ्यांना एकच ताट चालणारच नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल आहे, कांदा-लसूण न खाणारी मुलं आहेत, सातवीत टाइप १ मधुमेहाची एक मुलगी आहे. तिच्या आईला दर जेवणातली कर्बोदकं मोजून इन्सुलिन ठरवावं लागतं. त्या आईने आपल्या अ‍ॅपवर प्रश्न विचारला, त्याला "पर्यायाचा विचार केला जाईल" असं उत्तर आलं. अशा मुलीच्या बाबतीत विचार आधी व्हायला हवा होता.

आणि मातांचे कष्ट. हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं. डबा फक्त आईच करते, असं शाळेनेच गृहीत धरलं तर मुलं काय धरून चालतील? बायकांवर कामाचा भार जास्त पडतो, हे अगदी खरं. तो घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायला हवा. माझी मुलगी रात्री भाजी निवडते, मुलगा मटार सोलतो, लसूण सोलतो, स्वतःचा डबा स्वतः भरतो आणि आल्यावर घासतो. कोणती भाजी कोणत्या दिवसांत स्वस्त असते, हे चौथीतल्या मुलाला माहीत आहे. ज्या आई-वडिलांना सकाळी खरंच वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी शाळेचं जेवण जरूर ठेवा. त्यांची सोय व्हायलाच हवी. ती सोय सक्तीशिवायही होते.

मी कारखान्यात काम करतो म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद केली आणि तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची वाटही ठेवली. त्याच कायद्याने १५० हून जास्त कामगारांच्या कारखान्यात जेवणाची खोली हवी असं सांगितलं, आणि ती कशासाठी, तर कामगारांना घरून आणलेलं जेवण तिथे बसून खाता यावं म्हणून. कॅन्टीनही हवी आणि डब्याला जागाही हवी, हे कायदा करणाऱ्यांना ७५ हून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला जो मान मिळाला, तो बाकावर बसलेल्या मुलाला मिळायला हवा.

निर्णय ज्या पद्धतीने झाला तीही मला मान्य नाही. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीसमोर शुल्काचा प्रस्ताव ठेवावा लागतो. पालकांच्या खिशातून काय घ्यायचं ते पालकांना विचारून ठरावं, एवढीच त्यामागची साधी भूमिका आहे. जेवणाचा विषय समितीसमोर आलाच नाही, असं समितीतल्या दोन पालकांनी मला सांगितलं. पुरवठादार कसा निवडला, किती जणांचे दर मागवले, करार किती वर्षांचा, हेही कुणाला माहीत नाही.

आता माझ्या मागण्या सांगतो.

शाळेचं जेवण ऐच्छिक करा. ज्यांना हवं त्यांनी घ्यावं, ज्यांना डबा आणायचा त्यांनी आणावा, आणि दोघांनी एकाच ठिकाणी एकत्र बसून जेवावं. सक्तीची सूचना लेखी मागे घ्या आणि ज्यांनी घाईने पैसे भरले आहेत त्यांना हवे असल्यास परत द्या.

मधली सुट्टी २० मिनिटांची आहे, ती किमान ३५ मिनिटं करा. माझा मुलगा सावकाश जेवतो. हात धुवायच्या रांगेतच सात-आठ मिनिटं जातात, कारण त्या मजल्यावर चालू नळ दोनच आहेत. डबा अर्धा परत येतो तो नावडतीमुळे नव्हे, वेळ पुरत नाही म्हणून. नळ दुरुस्त करणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त आणि तातडीचं काम आहे. ते सत्र सुरू होण्याची वाट न बघता करा.

जेवण देणार असाल तर प्रत्येक पदार्थापुढे वजन लिहा, वयाप्रमाणे ताट वेगळं ठेवा, आठवड्यातून किमान तीन दिवस कडधान्य आणि दोन दिवस पालेभाजी ठेवा, भाकरी किंवा धपाट्यासारखा भरडधान्याचा एक पदार्थ ठेवा, आणि पाकिटातला ज्यूस व जेली बंद करा. शाळेतल्या मुलांच्या आहाराबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकायला त्यांत मनाई आहे. आपल्या उपाहारगृहात आज वेफर्स आणि शीतपेयं मिळतात. तीही काढा. पुरवठादाराचा परवाना क्रमांक दर्शनी भागात लावा आणि पालकांच्या समितीला न सांगता येऊन स्वयंपाकघर बघण्याची मुभा द्या.

कोणत्याही मुलाच्या डब्यातल्या घरच्या अन्नावर, मग ते अंडं असो, मासे असोत की शिळ्या भाकरीचा कुस्करा, शाळेने हरकत घेऊ नये. चिडवणाऱ्या मुलांशी बोलावं. सुकट आणणाऱ्या त्या मुलाच्या आईला कुणीतरी फोन करून सांगावं की तुम्ही पुन्हा देऊ शकता.

आजारी आणि अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांना, बाकीचं काही ठरो न ठरो, या आठवड्यातच बोलावून घ्या.

पुढच्या पालक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला ठेवावा आणि त्याआधी या पत्राचं लेखी उत्तर द्यावं, ही विनंती. सभेला मी पाळी बदलून येणार आहे. समितीला हवं असेल तर पर्यायी तक्ता, बाजारभावासकट, मी तयार करून देईन. माझ्यासोबत आणखी काही आई-वडील त्यासाठी तयार आहेत. निर्णय होईपर्यंत माझी मुलं शाळेत डबा घेऊन येतील. त्यांना वर्गात त्यावरून काही बोललं जाऊ नये, जे बोलायचं ते माझ्याशी बोलावं.

आपला,
आठवी आणि चौथीतल्या विद्यार्थ्यांचा एक पालक
चिंचवड, पुणे